सोलापुरी थंडीत उंच झाडावर दोर लावून कसं चढायचं

सोलापूरच्या थंडीला बाहेरगावचे लोक हसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात दहाच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी परत तिशीला टेकतो. पण घामेजलेल्या बनियनला साठ फुटांवर वारा लागला आणि बोटांना कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवता येईना, की पुण्याचा पाहुणाही हसायचा थांबतो.

आमच्याकडे झाडावर चढायचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिवरात्रीच्या सुमारास संपतो. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कोणी शहाणा माणूस झाडाच्या सावलीतून वर जाणार नाही, आणि पावसाळ्यात बुळबुळीत साल आणि विजा. उरते ती थंडी. मात्र थंडीत माणूस घाई करतो. हात गार पडलेत, लवकर चढू म्हणजे ऊब येईल. वर वारा लागतोय, लवकर उतरू. ही दोन्ही ‘लवकर’ माणसाला पाडतात. म्हणून पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं थांबण्याबद्दलच आहे.

मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बसवायचा, बिघडला की सोडवायचा, तुटलेला धागा कुठे तुटला ते शोधायचं, यात हयात गेली. तरुणपणी सुट्ट्या मिळाल्या की सह्याद्रीत प्रस्तरारोहणाला पळायचो. आता गुडघे कड्याला नको म्हणतात, पण दोरावर बसून झाडात जाणं अजून जमतं. यात ताकदीपेक्षा चिकाटी लागते.

पोरं चिंचेवर चढतात तसं हे नव्हे. इथे दोर आधी झाडावर जातो, मग माणूस. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, हेल्मेट, दोन कुलपी कॅराबिनर आणि खाली जागं माणूस, एवढं असल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. झाडं छाटणाऱ्यांचं हे तंत्र हौशी लोकांसाठी खुलं करण्यात अमेरिकेतल्या अटलांटाचे पीटर जेंकिन्स यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९८३ मध्ये ‘ट्री क्लायंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. आपल्याकडे हे शिकवणारे कमी, पण दोरकाम शिकवणारे गिर्यारोहक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे आधी गाठी शिका, कमरेच्या उंचीवर लटकून पाहा आणि मगच झाड शोधायला निघा. नुसतं वाचून चढायचा हा प्रकार नाही, माझं वाचूनसुद्धा नाही.

कुठलं झाड

माझं मन चिंचेकडे झुकतं. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या अलीकडे दाजींचं रान आहे. त्यांच्या बांधावर जुन्या चिंचा आहेत, त्यातल्या दोन साठ-सत्तर फुटांच्या. चिंचेचं लाकूड चिवट. फांदी वाकते, करकरते, पण जिवंत असेल तर सहसा दगा देत नाही. बार्शीच्या बाजारासाठी चिंचा उतरवणारी माणसं अनवाणी तिच्या शेंड्यापर्यंत जातात ती या भरवशावर. त्यांचं बघून बिनदोराचं चढू नका, पण त्यांची एक सवय उचला. पाय ठेवायचा तो खोडाला लागून, आणि पाय ज्या फांदीवर आहे तिलाच हात कधी धरायचा नाही, दुसरीला धरायचा.

लिंब, म्हणजे कडुलिंब, चालतो, खालच्या जाड फांद्यांपुरता. त्याच्या पोटात वाळक्या खुंट्या फार असतात. वड नवशिक्याला उत्तम, फांद्या आडव्या आणि रुंद. फक्त चीक दोराला लागला की धूळ बसून दोर खरखरीत होतो. आंब्यावर या दिवसांत जाऊ नका. मोहोर येत असतो आणि तो झडला तर मालक शिव्या देईल, त्या रास्तही असतील. गुलमोहर, शेवगा, पांगारा, नीलगिरी, सुबाभूळ यांना हात जोडा. रस्त्याकडेच्या रेन ट्रीच्या आडव्या फांद्या बघून मोह होतो, पण भर दुपारी वारा नसतानाही तिची जड फांदी खाली येऊ शकते.

पिंपळाच्या पारावर शेंदराचा दगड असेल तर ते झाड सोडा. मुंजाची भीती म्हणून नव्हे. रोज तिथे दिवा लावायला येणाऱ्या बाईला वरून लोंबणारे पाय दिसू नयेत म्हणून.

शहरातली झाडं, बागेतली आणि रस्त्याकडेची, विनापरवाना चढायची नाहीतच. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यामुळे आड येते म्हणून फांदी छाटायलाही परवानगी लागते. रानातल्या झाडाला मालकाची परवानगी घ्या आणि ज्या व्यापाऱ्याने त्या सालच्या चिंचा घेतल्या आहेत त्यालाही सांगा. जानेवारीनंतर चिंचा पिकतात. झाडावर माणूस दिसला की तो मोटारसायकल थांबवून ओरडतो, “काय हो, चिंचा पाडायलाव का?” आधी सांगितलेलं असलं की तोच मग तासभर खाली उभा राहून बघतो.

झाड ठरलं की लगेच दोर काढू नका. दुर्बीण काढा आणि झाडाभोवती सावकाश दोन फेऱ्या मारा. मी पाच गोष्टी बघतो, त्यातल्या पहिलीवर सर्वांत जास्त वेळ जातो.

पहिली, आग्या मोहोळ. थंडीत पहाटे माश्या पोळ्यावर एकमेकींना चिकटून गपगार असतात. लांबून ते काळं ढेकूळ फांदीचाच भाग वाटतं. ऊन लागलं, हवा तापली की त्या उठतात, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही वर दोराला बांधलेले असता. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावरचा नाही. म्हणून चढायचं झाड तर बघायचंच, आजूबाजूच्या शंभर मीटरमधली मोठी झाडं, पाण्याची टाकी, विहिरीचं तोंडही बघायचं. रिकामं, वाळलेलं मेणाचं पोळं दिसलं तरी सावध व्हा, कारण आग्या माश्या वर्षानुवर्षं त्याच झाडावर परत येतात. अत्तर, वासाचं तेल, डिओ लावून येणाऱ्या पाहुण्याला मी खालीच बसवतो. आणि बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका की माश्या उठल्यावर विहिरीत किंवा तळ्यात उडी मारायची नसते. त्या वर घिरट्या घालत थांबतात. तोंड झाकून लांब पळायचं, गाडीत किंवा घरात शिरायचं.

दुसरी, तारा. शेतातून अकरा हजार व्होल्टची लाइन जाते, आणि कापडी दोर दवाने ओला असेल तर तोही वीज वाहून नेतो. झाडाच्या उंचीएवढं अंतर चहूबाजूंनी मोकळं नसेल तर मी ते झाड घेत नाही. दोरी वर न्यायला वजनाची पिशवी भिरकावताना ती तिसरीकडेच जाते, हे ज्याने एकदा पाहिलं आहे त्याला हे पटवावं लागत नाही.

तिसरी, मांजा. पतंगाच्या दिवसांत गावालगतचं प्रत्येक झाड मांजाने गुंडाळलेलं असतं. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, पण तो झाडावर वर्षभर लोंबतो, आणि बोट कापतो तसा ताणलेल्या दोराचं कवचही कापू शकतो. संक्रांतीनंतर आठवडाभर मी गावाजवळचं झाड धरतच नाही. त्या दिवसांत तसंही सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत असतं. खाली दोर धरायला माणूस मिळत नाही.

चौथी, वाळकी फांदी. थंड मुलुखात हिवाळ्यात पानझडीचं सगळं झाड निष्पर्ण होतं, त्यामुळे जिवंत आणि मेलेली फांदी सारखीच दिसते. आपल्याकडे चिंच पानं धरून ठेवते, म्हणून ज्या फांदीला पानं नाहीत ती संशयित. शिशिरात पिंपळ आणि लिंब पानं टाकायला लागले की ही खूण उपयोगी पडत नाही. मग सालीकडे बघायचं. साल सुटलेली, भेगाळलेली, भूछत्र आलेली, टोकाच्या बारीक काड्या झडून नुसता दांडा उरलेला, असं दिसलं तर ती फांदी नाही असं समजा. खोडाला लाकडी हातोडीने ठोका. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ बुद्द वाजतं. जुन्या चिंचा आतून पोकळ होतात.

पाचवी, त्या पोकळीत कोण राहतं. पिंगळ्यांची जोडी ढोलीतून बघत असेल, किंवा घारीने काटक्या रचायला घेतल्या असतील, तर दुसरं झाड. घार थंडीतच घरटं करते आणि डोक्यावर झडप घालायला कमी करत नाही.

किती वाजता

इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उत्साही लोक साडेसहालाच दोर घेऊन उभे राहतात. मी आठच्या आधी पिशवीची चेन उघडत नाही. दव. रानात हिप्परग्याच्या तळ्याकडून ओलावा येतो आणि चिंचेची खडबडीत सालही वरून निसरडी होते. दोर ओला झाला की घर्षणाच्या गाठीचं, म्हणजे वजन पडलं की दोराला धरणाऱ्या आणि एरवी सरकणाऱ्या गाठीचं, वागणं बदलतं. एकदा घट्ट बसली की हलता हलत नाही, हलली की हवं त्यापेक्षा जास्त सरकते. नायलॉन पाणी पितं आणि ओलं असताना त्याची ताकद काही टक्क्यांनी घटते. पॉलिस्टर फारसं पीत नाही. सूत हाताळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण दुकानदाराला विचारून बघा, दहातले आठ सांगू शकत नाहीत.

या वाट बघण्याच्या तासात एक गंमत अनुभवायला मिळते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते आणि तिच्यालगतची हवा सर्वांत गार होते. त्यामुळे सकाळी वीस-पंचवीस फूट वर गेलं की थंडी वाढायच्या ऐवजी किंचित कमी होते. खाली दोर सांभाळायला आलेल्या माझ्या भाचीचे दात वाजत असतात आणि मी वर स्वेटरची चेन खाली करतो. मग ऊन तापलं की ही खालची गार हवा उचलली जाते, वरची आणि खालची हवा एकमेकींत मिसळते आणि साडेदहा-अकराला शेंड्यात वारा सुरू होतो. आग्या माश्याही तेव्हाच जोरात असतात. म्हणून आठला सुरुवात, साडेदहाला पाय जमिनीवर. त्यात जेवढं झाड होईल तेवढं.

दोर आणि बाकी सामान

जॉबर माणसाकडून दोरावर दोन शब्द जास्तच ऐकून घ्यावे लागतील.

बाजारातला पिवळा-निळा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो १६० अंशांच्या थोडा पुढे वितळतो. पॉलिस्टर वितळायला अडीचशे अंश पार करावे लागतात. झाडावरून उतरताना सगळं वजन एका गाठीच्या घर्षणावर असतं, आणि भरभर उतरलं तर ती गाठ हाताला चटका देण्याइतकी तापते. तेव्हा बाजारचा दोर नको, शेतातला सोल नको, कासरा नको, चऱ्हाट तर मुळीच नको. त्यांचं काम बैलाला आणि बादलीला धरायचं आहे. झाडं छाटणाऱ्यांचा साडेअकरा ते तेरा मिलीमीटरचा दोर, किंवा ‘ईएन १८९१’ या युरोपीय मानकाचा, प्रकार ए असा शिक्का असलेला कमी ताणाचा गिर्यारोहणाचा दोर घ्या. कड्यावर पडणाऱ्याला झेलणारा लवचीक दोर यासाठी नाही. त्यावर चढताना माणूस वर-खाली झुलत राहतो आणि सालीवर दोर घासत राहतो. माझा दोर पंचेचाळीस मीटरचा आहे. तो दुहेरी होऊन खाली येतो, म्हणून त्याने वीस मीटरच्या वरचं बेचकं मी धरत नाही.

हार्नेस बसायच्या पट्टीचा घ्या, झाडकामाचा. कड्याचा बारीक हार्नेस अर्ध्या तासात मांड्या बधिर करतो. हेल्मेट गिर्यारोहणाचं, हनुवटीच्या पट्ट्याचं. मोटारसायकलचं नको, त्याने वर बघता येत नाही. कॅराबिनर कुलपाचे. फांदीवर दोर जिथे बसतो तिथे घालायला चामड्याची किंवा जाड कॅनव्हासची नळी लागते, नाहीतर दोर सालीच्या आतला जिवंत थर कापत जातो आणि चिंच पुढच्या वर्षी त्या जागी वाळते. खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रत्येक पावलाला झाडाला एक भोक पाडायचं आणि वर जाऊन निसर्ग किती छान म्हणायचं.

वजनाची पिशवी घरीच शिवून होते. जाड कॅनव्हासचे दोन थर, आत छर्रे किंवा बारीक वाळू, तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम. तिला दोन मिलीमीटरची गुळगुळीत दोरी. टाकायची पद्धत अशी: पाय फाकवून उभं राहायचं, पिशवी दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या मधून मागेपुढे झोकायची आणि वर येताना डोळ्यांच्या रेषेत सोडायची. कोणी हसलं तर हसू द्या. खांद्यावरून भिरकावणारे चार वेळा चुकतात आणि पाचव्यांदा स्वतःच्या मोटारीची काच फोडतात.

दोर लावणं

बेचकं निवडताना नियम एकच, जिवंत लाकूड, किमान दहा सेंटीमीटर जाड. मी पोटरीपेक्षा बारीक फांदीवर जीव टाकत नाही. दोर फांदीवर खोडाला चिकटून बसला पाहिजे. टोकाकडे बसला तर पिशवी खाली ओढून पुन्हा टाका. या पुन्हा टाकण्याचा थंडीत कंटाळा येतो, हात खिशात घालावेसे वाटतात आणि ‘असू दे, चालेल’ हे तोंडात येतं. माझ्याकडे हे वाक्य उच्चारणाऱ्याने त्या दिवशी चढायचं नाही, असा रिवाज आहे.

बारीक दोरी वर गेली की तिला मुख्य दोर आणि नळी बांधून ओढून घ्यायची. मग परीक्षा. दोर दुहेरी धरून आधी मी एकटा लटकतो, मग भाची आणि मी दोघं मिळून हिसके देतो. फांदी आमच्या दोघांचं वजन उसळीसकट पेलत असेल तर ती माझं एकट्याचं पेलेल. हिसका देताना बाजूला उभं राहायचं, फांदीच्या खाली नाही, आणि हेल्मेट आधीच डोक्यावर हवं.

दुसरा दोरही त्याच वेळी दुसऱ्या बेचक्यावर लावून ठेवतो. तो माझ्यासाठी नाही. मला वर काही झालं तर कोणीतरी माझ्यापर्यंत पोचलं पाहिजे, त्यासाठी. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. त्याला लवकर खाली आणणं हाच पहिला उपचार. १०८ ला फोन करून अँब्युलन्सची वाट बघणं त्यानंतर. तेव्हा खालच्या माणसाला दुसऱ्या दोरावर चढता आणि मला उतरवता आलं पाहिजे. भाची हे करू शकते. तिला ते येईपर्यंत आम्ही दाजींच्या गोठ्याच्या तुळईलाच लटकत होतो.

आता गाठ. दुहेरी दोराचे दोन पदर खाली येतात. एका पदराच्या टोकापासून मीटरभर शेपूट सोडून तिथे आठची गाठ (इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते ती) मारा आणि ती कॅराबिनरने हार्नेसला अडकवा. ते शेपूट दुसऱ्या पदराभोवती खालून वर असे चार वेढे गुंडाळा. मग शेपूट खाली आणा, गाठीपासून वेढ्यांपर्यंतचा जो पूल तयार झाला त्याच्या पुढून न्या, दुसऱ्या पदराच्या मागून वळवा आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून वर काढा. टोकाला आठची गाठ, म्हणजे शेपूट निसटणार नाही. ही ब्लेकची गाठ. जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकातून ती झाडकाम करणाऱ्यांपर्यंत पोचवली म्हणून त्यांचं नाव लागलं. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी ती त्याआधीच छापली होती. वजन टाकलं की धरते, वरून दाबलं की सरकते.

तिच्याखाली त्याच पदराला प्रुसिकच्या गाठीने, म्हणजे बारीक दोरीच्या वेढ्यांच्या घर्षणाच्या गाठीने, पायाचा फास लावायचा. फासात उभं राहायचं, ब्लेक वर सरकवायची, हार्नेसमध्ये बसायचं, पाय वर घेऊन फास सरकवायचा. पुन्हा उभं. एवढंच चालू ठेवायचं. दर दहा फुटांनी फासाखालच्या दोराला आठची फासगाठ मारून ती दुसऱ्या कॅराबिनरने हार्नेसला अडकवा. ब्लेक सरकली तरी तुम्ही दहा फुटांपलीकडे जाणार नाही. गारठ्यात ही गाठ मारणं जिवावर येतं. त्यासाठी भाची खाली आहे. “मामा, गाठ दाखवा की,” असं ती ओरडते आणि मी दाखवल्याशिवाय गप्प बसत नाही.

थंडी अंगावर कशी सांभाळायची

कपडे कमी घालून सुरुवात करा. खाली थोडं कुडकुडलंच पाहिजे, कारण पहिल्या वीस फुटांत घाम फुटतो. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि वर स्थिर बसलात की बर्फासारखं पाठीला चिकटतं. आतला थर कृत्रिम धाग्याचा, मधे पातळ लोकर, बाहेर वारा अडवणारं जाकीट. सोलापुरी चादर गुंडाळून चढता येत नाही, तिचा मान खाली उभ्या माणसाचा. मफलर, ओढणी, जाकिटाच्या लोंबत्या नाड्या सगळं काढून ठेवा. घर्षणाच्या गाठीत कापड ओढलं गेलं तर ते सुटत नाही आणि गळ्याशी असेल तर पुढचं बोलायला नको. कानटोपी पातळ, हेल्मेटच्या आत बसणारी. जाड माकडटोपीवर हेल्मेट डुगडुगतं.

हातमोजे घट्ट बसणारे, बोटांची टोकं मोकळी. गाठ मारताना बोटांना दोर कळला पाहिजे. वर दर दहा मिनिटांनी अंगठ्याने त्याच हाताच्या करंगळीचं टोक शिवून बघा. शिवता येत नसेल तर बोटांत रक्त पोचत नाहीये. मग फोटो, पक्षी, नजारा सगळं सोडून देऊन, बगलेत हात धरून ऊब आणायची आणि उतरायला लागायचं. बोटं पूर्ण बधिर व्हायची वाट पाहिली तर उतरणारी गाठ सोडवायला कोणाची बोटं आणणार?

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहतं. चढायच्या आधी कोमट पाणी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उतरल्यावर उघडा. भरल्या पोटी हार्नेस पोटात रुततो. मांडीच्या पट्ट्या दाबतात तिथे मुंग्या यायला लागल्या की फासात उभं राहून पाय झटका. वर निवांत बसणं हाच या खेळाचा आनंद, पण निवांत म्हणजे निश्चल नव्हे.

वर गेल्यावर

दोर जिथे बांधला त्याच्या खाली राहा. त्या फांदीच्या वर चढलात तर पडताना दोर ढिला असतो आणि झटका बसतो. पुढचं बेचकं धरायचं असेल तर आधी कमरेच्या छोट्या पट्ट्याने खोडाला बांधून घ्या, मग दोर हलवा. कोणत्याही क्षणी किमान एक बंधन चालू असलं पाहिजे, आणि दोर बदलताना दोन. शेंडा माझ्या हिशेबात नाही. झाडाचा वरचा चौथा हिस्सा पाखरांचा. तिथे लाकूड बारीक आणि वारा जास्त.

चिंचेची पानं रात्री मिटतात. सकाळी ऊन पोचेल तसतशी ती पूर्वेकडून उघडत येतात आणि अर्ध्या तासात तुमच्याभोवतीची जाळी भरून येते. भोरड्यांचे थवे याच वेळी बाभळीतून उठून ज्वारीकडे जातात. दाजी खाली गोफण घेऊन उभे, मी वर दुर्बीण घेऊन बसलेला, आणि आमच्या दोघांचं भोरड्यांबद्दलचं मत अगदी वेगळं.

उतरताना सावकाश. ब्लेकवर तळहात ठेवून हळू दाबा, अर्ध्या मिनिटात दहा फूट, त्याहून भरभर नाही. थंड हाताला गाठ तापलेली बरी वाटते. नेमकं तिथेच कवच वितळून चकचकीत होतं. उतरल्यावर वेढ्यांची जागा बोटाने तपासा. गुळगुळीत आणि कडक लागली तर तेवढा तुकडा बाद.

हिमाचल-उत्तराखंडात जाणार असाल तर

खरी थंडी, शून्याखालची, हा वेगळा विषय आहे आणि सोलापुरातला सराव तिथे पुरत नाही. देवदार चाळीस-पन्नास मीटर उंच जातो, पण गोठलेलं लाकूड लवत नाही. उन्हाळ्यात वाकणारी फांदी कडाक्यात काडकन तुटते. वरच्या फांद्यांवरचं बर्फ दोर ओढताच डोक्यावर येतं. ओला दोर गोठून काठी होतो, आणि दोरावर बर्फाचा पापुद्रा असेल तर ब्लेक, प्रुसिक दोन्ही धरत नाहीत. कॅराबिनरच्या स्क्रूमध्ये ओल शिरली तर तो गोठून अडकतो. तिथल्या जाणत्या माणसाशिवाय जाऊ नका, दोर पिशवीत कोरडा ठेवा, आणि बर्फ पडत असेल किंवा आदल्या रात्री पडलं असेल तर शेकोटीपाशी बसा.

घरी आल्यावर

दोर सावलीत, मोकळ्या हवेत, सैल वेटोळं करून वाळवा. गच्चीवर उन्हात टाकू नका. उन्हातली अतिनील किरणं नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्हींना कमजोर करतात, आणि सोलापूरचं ऊन थंडीतही ऊनच असतं. चीक किंवा माती लागली असेल तर साध्या पाण्यात, सौम्य साबणाने. गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ ठेवू नका. बॅटरीच्या ॲसिडची वाफसुद्धा नायलॉनला खाते आणि वरून काही दिसत नाही. वाळल्यावर संपूर्ण दोर एका हातातून दुसऱ्या हातात, इंच इंच, डोळे मिटून सरकवा. मागावर तुटका धागा मी असाच शोधायचो. आतला गाभा जिथे मऊ पडला असेल, चपटा लागला असेल किंवा कवच सुटून सरकत असेल तिथे खूण करा.

खूण मधोमध आली तर दोर बाद. बाद दोर अख्खा कोणाला देऊ नका, दाजींना तर नाहीच. ते त्याने म्हैस बांधतील, आणि पुढच्या थंडीत घरातलं कोणीतरी पोरगं तोच सोडून चिंचेवर टाकेल. दोन-दोन मीटरचे तुकडे करा आणि नवीन शिकणाऱ्यांना ब्लेकच्या सरावाला वाटून टाका.